खरे चोवीस

मित्रांनो, जुन्या वस्तू स्वतःची गोष्ट सांगायला बसल्या की दोन वाक्यांत डोळे पुसायला लागतात. मी तसलं काही करणार नाही. मी टेनिसच्या रॅकेटला तारा बसवणारं एक जुनं लोखंडी यंत्र आहे. तीन पाय, वर गोल फिरणारं ताट, बाजूला तार ओढणारा दांडा आणि तो फिरवायला एक मूठ. वायर नाही, दिवा नाही, टुंई-टुंई आवाज नाही. दुकानात मला सगळे आजोबा म्हणतात, तेव्हा मीही आजोबांच्या हक्काने बोलतो. कुणाला राग आला तर येऊ दे.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे शेजारच्याच भट्टीवर शिवणयंत्रांचे पाय ओतले जात. त्यामुळे माझे पाय नको इतके नक्षीदार झाले. एका बारीक चणीच्या, चष्मेवाल्या माणसाने मला घेतलं. त्याचं दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर. एका अंगाला चाव्या करणारा, दुसऱ्या अंगाला इस्त्रीवाला. दुकान इतकं अरुंद की मला आत घ्यायला काउंटर उचलून रस्त्यावर ठेवावा लागला, आणि तेवढ्यात त्याच्यावर दोन गिऱ्हाइकं येऊन रेलली.

या माणसाला एक मुलगी आणि एक मुलगा. मुलाला दुकानाचं वेड नव्हतं. मुलीला होतं, पण कामापेक्षा गिऱ्हाइकाशी बोलण्याचं. शेवटी काम शिकली ती घरात आलेली सून. ती नणंदेला ताई म्हणते, नणंद तिला वहिनी म्हणते, म्हणून मीही त्यांना ताई आणि वहिनीच म्हणतो.

काम सोपं नाही बरं का. आधी उभ्या तारा ओवायच्या, मग आडव्या, एक वरून एक खालून, खाट विणतात तशा. प्रत्येक तारेला माझी मूठ फिरवायची. ठरलेली ओढ बसली की मी खट् करून थांबतो. ही ओढ किलोत मोजतात. चोवीस किलो म्हणजे तार घट्ट. बावीस म्हणजे जरा सैल. सैल तारांवरून चेंडू लांब जातो, घट्ट तारांवरून आखूड पडतो. सगळं शास्त्र एवढंच आहे. बाकी जे खेळाडू सांगतात त्या गप्पा.

सासऱ्यांचे नियम दोन होते. रोज सकाळी पहिली रॅकेट चढवण्याआधी माझी ओढ तोलकाट्याला लावून तपासायची. मुठीएवढा गोल काटा, दोन्हीकडे हूक. एक हूक माझ्या ओढणाऱ्या दांड्याला, एक ताटाला, मूठ फिरवायची आणि सुई बघायची. फरक असला तर माझ्या पोटातला स्क्रू पिळून दुरुस्त करायचा. आणि दुसरा नियम, रॅकेटच्या दांड्याला जी चिठ्ठी चिकटवतात तिच्यावर जे केलं तेच लिहायचं. जे सांगितलं होतं ते नाही, जे केलं ते.

जाण्याआधी त्यांनी तो काटा मुलीच्या नाही, सुनेच्या हातात दिला. ताईने दोन महिने अबोला धरला. मग तोही मोडला, कारण गप्प बसणं तिच्या पिंडातच नाही.

आता मोठ्या स्पर्धेचं सांगतो. वर्षातून एकदा, पंधरा दिवस, साऱ्या जगातले खेळाडू येतात. मुख्य मैदानाच्या पायऱ्यांखाली एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे बारा यंत्रं ओळीने मांडतात. अकरा नवी, विजेची, चकचकीत. त्यांच्या पोटात आकडे हिरवे दिसतात. बारावा मी, कोपऱ्यात, नक्षीदार पायांचा. वर टाळ्या पडल्या की खाली छताची धूळ पडते. वहिनीचा हात नावाजलेला म्हणून तिला बोलावणं असे. चिठ्ठ्या लिहायला आणि रॅकेटी घ्यायला-द्यायला ताई.

तुम्ही त्या खेळाडूंचे फोटो भिंतीवर लावता. लावा. मी त्यांच्या रॅकेटी पाहिल्या आहेत. एक जण सहा रॅकेटी पाठवतो, त्यातल्या दोनच वापरतो, आणि उरलेल्या चारांच्या कोऱ्या तारा दुसऱ्या दिवशी कापून पुन्हा घालायला लावतो. का, तर तारा "झोपल्या." एका बाईंच्या रॅकेटला डाव्या हाताने स्पर्श केलेला चालत नाही. एक जण हरला की रॅकेट आपटून तिचं बोळकं करतो आणि तेच बोळकं खाली पाठवतो, जमलं तर बघा म्हणून. आणि सगळ्यांचं एक पालुपद ठरलेलं, "पाव किलोचा फरक माझ्या हाताला कळतो." त्यांना चहात साखर आहे की नाही ते दुसऱ्यांनी सांगावं लागतं, पण पाव किलो कळतो.

या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे नवरदेव. हे नाव ताईने ठेवलं. तो एकटा कधी येतच नसे. पुढे प्रशिक्षक, मागे मालिशवाला, जेवण मोजणारी बाई, त्याच्या वतीने बोलणारा एक सुटाबुटातला माणूस आणि सगळ्यात शेवटी पाण्याची बाटली धरलेली त्याची आई. वरात आली, असं ताई म्हणायची आणि काउंटर पुसायला घ्यायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्याच्या तीन वर्षं आधी एका दुपारी खोलीतली वीज गेली. अकरा चकचकीत यंत्रं माना टाकून बसली. नवरदेवाची रॅकेट माझ्यावर चढली आणि त्या दिवशी तो जिंकला. झालं. तेव्हापासून त्याला तारा हव्यात त्या माझ्यावरच्याच. आत येऊन तो माझ्या मुठीला हात लावी, तोच हात कपाळाला लावी. मला भारी किळस यायची. पण खरं सांगायचं तर त्या वेडामुळेच माझी कोपऱ्यातली जागा टिकली होती. खोलीच्या प्रमुखाला, ज्याला सगळे मुकादम म्हणत, मी मुळीच आवडत नव्हतो. "हा सांगाडा फक्त त्याच्यासाठी," तो म्हणे. माझ्यामागे वहिनीलाही तो जरा हातचं राखूनच वागवी.

या गोष्टीच्या वर्षी नवरदेवाने सहा सामने ओळीने जिंकले. चोवीस किलो, दरवेळी चोवीस. प्रत्येक सामन्यानंतर तो खाली येऊन सांगे, "बाई, अगदी अचूक. हाताला कळतं."

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. शेजारच्या यंत्रावर एक कारागीर बसे. तो कामाआधी कोपरापर्यंत हात धुई म्हणून त्याचं नाव डॉक्टर. त्याच्या काट्याची काच तडकली होती. त्याने वहिनीचा काटा मागून घेतला, आपल्या यंत्राला लावला आणि तसाच उभा राहिला. पुन्हा लावला. मग तिसऱ्या यंत्राला लावला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "तुमचा काटा खोटं बोलतोय."

वहिनी हसली. "तो माझ्या सासऱ्यांचा आहे. खोटं बोलायचं त्याला शिकवलेलं नाही."

"माझं मशीन बावीसवर आहे. हा चोवीस दाखवतोय."

वहिनीने आणखी तिघांचे काटे मागून आणले. तिन्ही काटे एकेक करून मला लावले. तिन्हींनी एकच सांगितलं. मी चोवीसवर उभा असल्याचं सोंग घेऊन पंधरा दिवस बावीसने ओढत होतो. वहिनीने रोज सकाळी नेमाने मला तपासलं होतं, आणि त्या तपासण्यानेच मला बिघडवलं होतं.

ती स्टुलावर बसली. "स्पर्धेला निघायच्या आधी हा बरोबर होता. मी स्वतः बघितलंय."

ताई चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा करत होती. तो आधीच सारखा होता.

"ताई."

"काय?"

"काही नाही. तुम्ही बोलत नाही आहात, म्हणून म्हटलं."

ताईने गठ्ठा खाली ठेवला. "बॅगेचं वजन बघितलं होतं गं. निघायच्या दिवशी. बसवाला जास्त सामान घेत नाही ना. झाडूच्या दांड्याला काटा अडकवला, काट्याला बॅग अडकवली."

"कुठली बॅग?"

"मोठी."

"ती दोघांना उचलत नाही, ताई."

"म्हणून तर वजन बघितलं. सुई पार पलीकडे गेली. मग परत शून्यावर येईना, म्हणून मागचा स्क्रू फिरवून आणून ठेवली. मला वाटलं, झालं नीट."

काट्याची स्प्रिंग ताणून मेली होती. थोड्या ओढीलाही तो जास्त दाखवत होता. डॉक्टर खाली मान घालून हात धुवायला गेला, नुकतेच धुतले असूनही.

"हे बघ," ताई कुजबुजली, "तो जिंकतोय. सहाच्या सहा जिंकला. उद्याही बावीस घाल, चोवीस लिही. कुणाच्या बापाला कळतंय?"

"तुमच्या बापाला कळलं असतं," वहिनी म्हणाली.

ताईने चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुन्हा सारखा करायला घेतला. 

वहिनीसमोर काय होतं ते नीट समजून घ्या मुलांनो. खरं सांगितलं तर ही खोली गेली. चुकीची ओढ देणाऱ्या बाईला पुन्हा कोण बोलावणार? खरे चोवीस गुपचूप घातले तर नवरदेवाच्या हातात ऐन अंतिम सामन्यात परकी रॅकेट. आणि बावीस घालून चोवीस लिहिलं, तर सगळे खूश. फक्त सासऱ्यांचा दुसरा नियम तेवढा मोडायचा होता.

तिने आधी मुकादमाला सांगितलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाला, "तुम्हीच सांगा त्याला. आणि जे ठरेल त्यावर त्याची सही घ्या. मला यात ओढू नका."

दुपारी वरात आली. वहिनीने सरळ सांगून टाकलं. काटा दाखवला, बॅगेचंही सांगितलं, फक्त वजन कुणी केलं ते नाही. "सहाही सामने तुम्ही बावीसवर खेळलात. चूक माझी आहे. उद्याला काय घालू ते तुम्ही सांगा."

सुटाबुटातला माणूस प्रशिक्षकाकडे बघू लागला. प्रशिक्षक जमिनीकडे बघू लागला. नवरदेव मात्र हसला.

"शक्यच नाही," तो म्हणाला. "मला पाव किलो कळतो. दोन किलो चुकले असते तर पहिल्या चेंडूलाच कळलं असतं."

"तीन काटे लावून बघितलंय."

"मग तिन्ही काटे चुकीचे आहेत. माझा हात चुकत नाही."

"मग उद्याला?"

"चोवीस. नेहमीसारखे."

"नेहमीसारखे चोवीस," वहिनीने विचारलं, "की खरे चोवीस?"

खोलीतली अकराही यंत्रं थांबली होती. नवरदेवाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागून त्याची आई म्हणाली, "अरे, बाई बरोबर बोलतायत. जिंकतोयस ते राहू दे ना तसंच."

"आई, तू यात पडू नकोस. बाई, चोवीस म्हणजे चोवीस. खरे."

त्याने सही केली. सहीसुद्धा अशी, की अर्धं पान खाल्लं. जाताना माझ्या मुठीला हात लावायला तो विसरला नाही. मूर्खपणाला शिस्त असते ती अशी.

वहिनीने डॉक्टरच्या खात्रीच्या काट्याने, म्हणजे त्याने नव्याने मिळवलेल्या काट्याने, माझा स्क्रू पिळला. पंधरा दिवसांनी मी पुन्हा खरा झालो. सहा रॅकेटी, सहा चिठ्ठ्या, सहाही चिठ्ठ्यांवर चोवीस.

अंतिम सामना दुसऱ्या दिवशी दुपारी होता. भिंतीवर एक टीव्ही होता, आवाज बंद केलेला. पण वरचा आवाज छतातून येतच होता. नवरदेवाचे चेंडू जाळ्यात जायला लागले. जाळ्यावरून गेले ते आखूड पडायला लागले, आणि समोरचा खेळाडू, एक शांत, उंच, कुणाच्या फारसा लक्षात न राहणारा माणूस, पुढे येऊन ते मारायला लागला. पहिला सेट गेला. नवरदेव प्रत्येक चुकीनंतर रॅकेटच्या तारांकडे बघत होता, जशा काही त्या त्याला उलट बोलल्या होत्या.

दुसऱ्या सेटच्या मध्यात मालिशवाला धापा टाकत खाली आला. हातात एक रॅकेट. "प्रशिक्षकांनी सांगितलंय, बावीस करा. लगेच. आणि चिठ्ठीवर चोवीस लिहा. त्याला कळता कामा नये."

"त्याला तर पाव किलो कळतो," ताई म्हणाली.

"बाई, चेष्टा नको. माझी नोकरी आहे."

वहिनीने तारा कापल्या आणि कामाला लागली. अठरा मिनिटं. मी आयुष्यात इतक्या वेगाने खट् खट् कधी केलं नाही. शेवटची गाठ मारली, दांडा पुसला आणि चिठ्ठी लिहायला पेन उचललं.

"चोवीस लिही," ताई म्हणाली. या वेळी तिचा आवाज भांडणाचा नव्हता. "एवढं एकदा. त्याचं भलं होईल, आपलंही."

वहिनीचं पेन थोडा वेळ हवेतच राहिलं. मला वाटलं, लिहिते आता. मी लिहिलं असतं. मी लोखंड आहे, मला काय त्याचं.

तिने लिहिलं, बावीस.

"काम त्यांनी सांगितलं ते केलं," ती मालिशवाल्याला म्हणाली. "पण जे केलं ते इथे लिहिलंय. चिठ्ठी काढून टाकायची तर तुम्ही काढा, तुमच्या हाताने."

मालिशवाल्याने चिठ्ठीकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं आणि चिठ्ठी तशीच ठेवून धावला.

पुढचं आम्ही टीव्हीवर पाहिलं. विश्रांतीत प्रशिक्षकाच्या खुणेने रॅकेट नवरदेवाच्या हातात आली. त्याने चिठ्ठी वाचली. मग त्याने वर प्रशिक्षकाकडे असं बघितलं की आवाज बंद असूनही आम्हाला ऐकू आलं. ती रॅकेट त्याने पिशवीत टाकली, चेन ओढली, आणि चोवीसवालीच घेऊन मैदानात गेला. तीन सेटमध्ये हरला. ज्या रॅकेटने तो जिंकला असता ती हाताच्या अंतरावर होती, आणि तिला हात लावणं म्हणजे सहा सामने आपल्याला काहीच कळलं नव्हतं असं कबूल करणं. साऱ्या जगासमोर हरणं त्याला त्याहून सोपं वाटलं. अशांचे फोटो तुम्ही भिंतीवर लावता.

संध्याकाळी त्याने वार्ताहरांना सांगितलं की एका गंजक्या यंत्राने त्याचा घात केला. गंज माझ्या एकाही सांध्याला नाही, हे नोंदवून ठेवतो.

मुकादम खोलीत आला. त्याच्या हातात नवरदेवाच्या सहीचा कागद होता. "हा कागद नसता तर आज माझं डोकं गेलं असतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बोट केलं. "हा पुढच्या वर्षी नको. सगळी नवीच." वहिनी मान हलवून आवरायला लागली, तसा तो म्हणाला, "अहो, तुम्ही कुठे निघालात? तुम्ही पाहिजेच आहात. आपली चूक आपण होऊन सांगणारं माणूस या खोलीत मी अजून पाहिलेलं नाही. मी धरून."

वहिनी त्याला धन्यवाद म्हणाली, पण बघत होती माझ्याकडे.

सामान बांधत असताना प्रशिक्षक एकटा आला, वरातीशिवाय. दार ओढून घेतलं. "बाई, एक विनंती आहे. तो जुना काटा... तो मला द्याल का?"

"बिघडलेला आहे तो."

"माहीत आहे. म्हणूनच. त्याला बावीस म्हटलं तर तो खेळणार नाही. चोवीस म्हणून बावीस मिळाले, तर तो आणखी चार वर्षं जिंकेल. पुढच्या गावी मी तिथल्या कारागिराला हाच काटा देईन."

वहिनीने काटा हातात घेतला. अंगठ्याने काच पुसली. "चाळीस वर्षं हा खरं बोललाय," ती म्हणाली. "आता उरलेलं आयुष्य याला खोटं बोलायला पाठवू?"

"कुणाचं नुकसान नाही त्यात."

 तेवढ्यात ताईने वहिनीच्या हातातून काटा घेतला, पेटीतली पक्कड काढली आणि काट्याचे दोन्ही हूक एकापाठोपाठ एक कापले. तिचे हात कामाला नाजूक, तिला ते जड गेलं. मग तिने काटा पदराखाली धरला.

"बाबांचा होता," ती प्रशिक्षकाला म्हणाली. "तुमच्या नवरदेवाला म्हणावं, बॅगेचं वजन करायलासुद्धा मिळणार नाही."

प्रशिक्षक निघून गेला.  मग वहिनी म्हणाली, "ताई, पक्कड जागेवर ठेवा," आणि ताईने ठेवली.

आता मी दुकानात असतो. स्पर्धेच्या दिवसांत वहिनी जाते, नव्या यंत्रावर काम करते, आणि पंधरा दिवस माझ्यावर एक जुनी चादर पडलेली असते. चादरीखालून इस्त्रीवाल्याच्या वाफेचा वास येतो आणि चावीवाल्याची कानस ऐकू येते. वाईट वाटतं का? वाटतं. पण लोळण घेण्याइतकं नाही. शाळेतल्या मुलींच्या रॅकेटी येतात. त्यांना किती किलो ते विचारलं तर त्या म्हणतात, "तुम्हीच सांगा ना, मावशी." असं एका वाक्यात अज्ञान कबूल करणारा खेळाडू मला त्या मोठ्या खोलीत एकही भेटला नाही.

एक गोष्ट मात्र मी आतापर्यंत झाकून ठेवली, ती सांगतो. नवरदेवाला मी इतकं हसलो, की दोन किलोंचा फरक याला कळला नाही. मित्रांनो, ती प्रत्येक तार मी ओढली होती. माझ्याच पोटातला स्क्रू सैल होता. पंधरा दिवसांत मलाही कळलं नाही. मी रोज छाती काढून खट् करत होतो आणि स्वतःला खरा समजत होतो.

म्हणून तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंसाठी माझं एक मागणं आहे. त्यांना नुसतं कुरवाळू नका. मुठीला हात लावून कपाळाला लावणारे मी पुष्कळ पाहिले, त्यांच्यातल्या एकानेही मला तेलाचा थेंब घातला नाही. आम्हाला दुसऱ्याच्या काट्याने तपासा. चुकलो तर तोंडावर सांगा आणि स्क्रू पिळा. थोडं दुखतं. वहिनीने नवा काटा आणलाय. ती आता दर सोमवारी तो घेऊन रस्ता ओलांडते, समोरच्या वाण्याच्या वजनांशी ताडून बघते, आणि मग मला लावते. काल मी पाव किलोने कमी भरलो.

"काय आजोबा," ती म्हणाली, आणि तिने स्क्रू पिळला.